इलियाचे केस

मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. निजामाचं राज्य संपलं आणि आमची नांदेड-लातूरकडची मंडळी भारतात आली. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, २ ऑक्टोबरला, मुंबईतल्या एका मध्यमवर्गीय पारशी घरात एक मुलगी जन्माला आली. तिचं नाव पर्सिस खंबाटा. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं, आणि दोन्हीकडच्या जुन्या माणसांना कुणाचं वय काढायचं झालं की पहिला प्रश्न असायचा, 'ॲक्शनच्या आधीचा की नंतरचा?' (पोलीस ॲक्शन हो!). तर पर्सिस 'ॲक्शन'नंतरची.

आजच्या मुलांना हे नाव माहीत असण्याची शक्यता कमीच. ज्यांना माहीत आहे त्यांनाही एकच गोष्ट आठवते, 'ती टक्कल केलेली'. एका माणसाचं पन्नास वर्षांचं आयुष्य, त्यातली तीसेक वर्षं कॅमेऱ्यासमोर गेलेली, आणि मागे उरलं काय, तर एक गुळगुळीत डोकं! असं का झालं असेल, हे बरेच दिवस मनात घोळतंय. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पर्सिसची सुरुवात केसांसकटच झाली. तेराव्या वर्षी एका नामांकित छायाचित्रकारानं तिचे फोटो काढले आणि ते रेक्सोना साबणाच्या जाहिरातीत झळकले. १९६५ साली, सोळाव्या वर्षी, ती फेमिनाची 'मिस इंडिया' झाली आणि त्याच वर्षी 'मिस युनिव्हर्स'साठी अमेरिकेत मायामी बीचला गेली. मग एअर इंडिया, गार्डन वरेली, रेव्हलॉन अशा मोठमोठ्या नावांसाठी मॉडेलिंग. १९६८ साली ख्वाजा अहमद अब्बासांच्या 'बंबई रात की बाहों में'मध्ये ती दिसली. पण हिंदी सिनेमात तिचं बस्तान काही बसलं नाही. ती इंग्लंडला गेली आणि १९७५ साली दोन इंग्रजी चित्रपटांत तिला कामं मिळाली, 'कंडक्ट अनबिकमिंग' आणि 'द विल्बी कॉन्स्पिरसी'. दुसऱ्यात सिडनी पॉइटिए आणि मायकेल केन होते, कथा दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची होती, आणि पर्सिसची भूमिका होती तिथल्या एका भारतीय वंशाच्या स्त्रीची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

आता थोडं 'स्टार ट्रेक'विषयी. ही अमेरिकन टीव्हीवरची मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली. जीन रॉडनबेरी हा तिचा जनक. 'एंटरप्राइज' नावाचं एक अंतराळयान, त्यावर नाना देशांची आणि नाना ग्रहांची माणसं, आणि दर आठवड्याला नवं संकट. मालिका बंद पडली, पण पुनःप्रक्षेपणात तिचे चाहते वाढतच गेले. १९७७ साली पॅरामाउंट कंपनीनं ती नव्यानं काढायचं ठरवलं. त्या नव्या मालिकेसाठी लेफ्टनंट इलिया नावाचं पात्र तयार झालं, यानाची दिशा सांभाळणारी अधिकारी. ती डेल्टा ग्रहावरची, आणि तिकडच्या बायकांच्या डोक्यावर केस नसतात अशी कल्पना. पर्सिसनं चाचणी दिली ती रबरी टोपीचं खोटं टक्कल लावून. निवड झाली. मग 'स्टार वॉर्स'च्या यशानं हवा बदलली, मालिकेचा बेत रद्द झाला आणि तिचा मोठा चित्रपट करायचं ठरलं. मोठ्या पडद्यावर रबरी टोपी चालणार नव्हती. खरे केस काढावे लागणार होते.

१९७८ साली ते काढले गेले. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी ते काम केलं आणि त्या प्रसंगाचं चित्रीकरणही झालं. पर्सिसला रडू आवरलं नाही. केस परत आलेच नाहीत तर काय, म्हणून त्यांचा विमा उतरवण्याची गोष्टही तेव्हा निघाली, पण ती प्रत्यक्षात आली नाही. रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केलेला 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' ७ डिसेंबर १९७९ ला लागला आणि पर्सिस एका रात्रीत जगाला माहीत झाली. १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार द्यायला मंचावर गेलेली पहिली भारतीय अशीही तिची नोंद होते.

आमच्याकडे यातलं काही पोचलं नाही. १९७९ साली लातूर हा जिल्हासुद्धा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १९८२ साली. विज्ञानकथा म्हणजे आमच्यासाठी मासिकात छापून येणारी नारळीकरांची गोष्ट, ती वाचनालयात नंबर लावून वाचायची. हा चित्रपट मी पाहिला तो नव्वदीच्या दशकात, केबल आल्यावर, लातूरला सासरी. दिरानं इंग्रजी चॅनेल लावला होता आणि माझ्या आजेसासूबाई कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या. अंगावर आलवण, डोक्यावरून पदर. आमच्या नात्यागोत्यात केशवपन झालेल्या त्या शेवटच्या.

पडद्यावर इलिया आली. आजींची माळ थांबली.

"पोर लहानच दिसती की गं. कधी गेला हिचा?"

मी म्हटलं, "आजी, तसं नाही. ती दुसऱ्या ग्रहावरची दाखवलीय. तिकडे सगळ्या बायका अशाच असतात."

आजी थोडा वेळ बघत राहिल्या. मग माळ पुन्हा सुरू करत म्हणाल्या, "म्हणजे तिथंबी आहेच म्हणायचं."

दीर खो खो हसला. मला हसू आलं नाही. रॉडनबेरींच्या कल्पनेत बिनकेसांचं डोकं म्हणजे पुढारलेली, वेगळी, विलक्षण मोहक बाई. आजींच्या लेखी त्याचा अर्थ एकच. चित्रपटात इलियानं ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली असते आणि ती अधिकृत नोंदीत असते, हे आजींना समजलं असतं तर त्यांना काहीच नवल वाटलं नसतं!

केसांचा अर्थ प्रत्येक गावात वेगळा. आमच्या नांदेडात तर तो दोन गल्ल्यांत बदलतो. इथे गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली देह ठेवला. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात वाढलेल्या माझ्या मैत्रिणींच्या घरी केसाला कात्री लागत नसे. केस म्हणजे गुरूची ठेव. आणि त्याच नांदेडच्या स्टेशनावरून आमची माणसं तिरुपतीला जाऊन गोटा करून यायची, बायकासुद्धा, नवस फेडायला. तेच डोकं, तोच वस्तरा. पण बालाजीहून आलेल्या बाईच्या आपण पाया पडतो आणि आलवणातल्या बाईला शुभकार्यात मागे बसवतो. वस्तऱ्याला काही कळत नाही, त्याला अर्थ आपण देतो.

महाराष्ट्रात या वस्तऱ्याविरुद्ध लढाही झाला आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. जोतीराव फुल्यांच्या विचारांतून आलेली ही गोष्ट. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः केशवपन झालेल्या. कित्येक वर्षं त्यांनी ते तसंच चालू ठेवलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर आपला निर्णय आपण घेऊन केस वाढवले. पुढे १९१८ साली त्या आश्रमासाठी पैसे उभे करायला एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, तिकडे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी'मध्ये लिहून ठेवलंय.

म्हणजे बघा, पार्वतीबाईंनी केस वाढवले आणि मग त्या अमेरिकेला गेल्या. साठ वर्षांनी पर्सिस अमेरिकेला गेली आणि तिनं केस काढले. पार्वतीबाईंना केस हवे होते ते चारचौघींसारखं माणूस म्हणून उभं राहायला. पर्सिसनं ते दिले कामासाठी. दोघींच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी, निर्णय त्यांचा होता. आजींना चौदाव्या वर्षी कुणी काही विचारलं नव्हतं. परसदारी न्हावी आला आणि त्यांना पाटावर बसवलं, एवढंच त्या सांगायच्या. पर्सिसला विचारलं गेलं. तिला रडता आलं, आणि मनात आणलं असतं तर 'नाही' म्हणता आलं असतं. हा फरक लहान नाही. तो पडावा म्हणून आपल्याकडे शंभर वर्षं माणसं भांडली आहेत.

पण मग तिचं पुढे काय झालं? इथे मला वेगळीच खंत आहे, आणि ती केसांपेक्षा मोठी आहे.

'स्टार ट्रेक'च्या यानावर सुलू होता, आशियाई चेहऱ्याचा. उहुरा होती, आफ्रिकन. साठच्या दशकातल्या अमेरिकन टीव्हीवर ही साधी गोष्ट नव्हती. भारतीय कुणी होतं का? होतं. १९६७ सालच्या एका भागात खान नूनियन सिंग नावाचा खलनायक येतो, शतकानुशतकं यानात गोठून झोपलेला. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याला पाहून अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. ती त्याचं पगडी घातलेलं चित्रही काढते. प्रत्यक्षात त्याला ना पगडी, ना दाढी. नांदेडच्या कुठल्याही पोराला विचारा, तो म्हणेल हा कसला शीख! ही भूमिका केली रिकार्डो मोंताल्बान या मेक्सिकन नटानं. उत्तम केली, त्यात वादच नाही. १९८२ सालच्या दुसऱ्या चित्रपटात तोच परत आला. पुढे २०१३ साली तीच भूमिका बेनेडिक्ट कम्बरबॅच या गोऱ्यापान इंग्रजाकडे गेली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. त्या जगात एक भारतीय माणूस होता, तर तो मेक्सिकन आणि मग इंग्रज नटानं केला. आणि एक खरीखुरी भारतीय नटी मिळाली, तर तिला परग्रहावरची केली. २३ व्या शतकातल्या त्या यानावर सगळ्या पृथ्वीला जागा होती म्हणे, पण मुंबईची बाई मुंबईची म्हणून तिथे मावली नाही. डोकं कोरं केलं की देश, भाषा, गाव सगळंच पुसलं जातं, असं काहीसं. 'विल्बी'मध्ये पर्सिसला निदान एक देश होता. इथे तोही गेला.

आणि भूमिका तरी किती उरली होती? चित्रपटात इलिया थोडा वेळच इलिया असते. मग 'व्हीजर' नावाची एक अवाढव्य शक्ती तिला उचलून नेते आणि तिच्या रूपातलं यंत्र परत पाठवते. त्यानंतर पर्सिस त्या यंत्राचं काम करते, सपाट आवाजात, पापणी न हलवता. शेवटी ते यंत्र आणि तिचा जुना प्रियकर डेकर त्या शक्तीत विलीन होतात. म्हणजे पुढच्या चित्रपटांत परत यायची वाटच बंद. बाकी सगळे परतले. कर्क, स्पॉक, डॉक्टर, सुलू, उहुरा... इलिया तेवढी नाही.

१९८० साली जर्मनीत तिला मोठा मोटार अपघात झाला आणि डोक्यावर मोठा व्रण राहिला. ज्या डोक्याकडे सगळं जग बघत होतं त्याच डोक्यावर. केस परत आले होते म्हणून तो झाकला गेला. मग १९८१ सालचा 'नाइटहॉक्स', सिल्व्हेस्टर स्टॅलोनबरोबर, त्यात ती दहशतवादी. १९८२ चा 'मेगाफोर्स', त्यात लष्करी अधिकारी. १९८३ साली एक दुय्यम दर्जाचा भविष्यपट. त्याच वर्षी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया, वय पस्तिशीच्या आत! १९८५ मध्ये ती मुंबईला परतली. इथे 'शिंगोरा' नावाची एक दूरचित्रकथा केली. १९९३ साली अमेरिकन टीव्हीवर सुपरमॅनच्या नव्या मालिकेत एक छोटीशी भूमिका. बस्स.

१९९७ साली मात्र तिनं एक वेगळं काम केलं. 'प्राइड ऑफ इंडिया' नावाचं पुस्तक काढलं, तोवरच्या सगळ्या मिस इंडियांवर. ते मदर तेरेसांना अर्पण केलं आणि मानधन त्यांच्या संस्थेला दिलं. बाईच्या रूपावर जग काय काय लादतं हे जिच्याइतकं क्वचितच कुणी सोसलं असेल, तिनं शेवटी इतर मुलींच्या रूपाची आणि नावांची नोंद करून ठेवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. सौंदर्यस्पर्धांबद्दल माझं मत काही फार बरं नाही, पण त्या मुली विसरल्या जाऊ नयेत असं कुणाला तरी वाटलं, हे महत्त्वाचं. पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट १९९८ ला, मुंबईत हृदयविकारानं ती गेली. पन्नाशी पूर्ण व्हायला दीड महिना होता.

योगायोग असा की त्याच १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' सुरू झाली. कथा २१२३ सालातली. नायक मिलिंद सोमण, आपला मराठी माणूस, जन्म स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. ती मालिका नांदेड-लातूरच्या घराघरांत अँटेना हलवून हलवून बघितली गेली. तिच्यातल्या तांत्रिक करामती आज पोरकट वाटतील, पण भविष्यातल्या जगाचं रक्षण करणाऱ्याचं नाव 'व्योम' आहे आणि तो हिंदीत बोलतोय, याचं आमच्या गल्लीतल्या पोरांना कोण कौतुक! त्यांना आपलं अंतराळ मिळालं. अंतराळात जायचं म्हणून कुणाला परग्रहावरचं व्हावं लागलं नाही. पर्सिसच्या वेळी ती सोय नव्हती. ती एकटी दुसऱ्याच्या अंतराळात गेली आणि त्यांनी जो दरवाजा उघडला त्यातूनच तिला आत जावं लागलं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चित्रपटातला तो 'व्हीजर' म्हणजे शेवटी निघतं काय, तर माणसानंच पाठवलेलं एक हरवलेलं 'व्हॉयेजर' यान. आपल्या निर्मात्याला शोधत परत आलेलं. खरी व्हॉयेजर यानं दोन, १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुटलेली, म्हणजे इलियाचं पात्र जन्माला आलं त्याच वर्षी. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यानं सुटली आणि १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई वारल्या. दोन्ही यानं आता सूर्याच्या प्रभावाच्या पलीकडे गेली आहेत, पहिलं २०१२ साली, दुसरं २०१८ साली. केसरबाईंना त्यासाठी परग्रहावरचं व्हावं लागलं नाही. त्यांच्या आवाजात त्यांचं गाव आहे, घराणं आहे, सगळं सगळं तसंच्या तसं. पर्सिसला कुणी तसं नेलं असतं तर?

असो. हे 'असतं तर' कधी संपत नाही. पण एक विनंती करते. हा चित्रपट कधी पाहिलात (संथ आहे, चहा जवळ ठेवा), तर डोक्याकडे बघायचं थोडा वेळ सोडून द्या. मधे एक प्रसंग आहे. इलियाच्या रूपातल्या त्या यंत्राला तिच्याच खोलीत आणतात आणि तिच्या माथ्यावरची पट्टी तिला देतात, जुनं काही आठवावं म्हणून. चेहरा तोच, यंत्राचा. पण डोळ्यांत क्षणभर कुणीतरी येऊन जातं, डेकरला ओळखतं, आणि पुन्हा विझतं. तेवढ्यात ना केस मदतीला आहेत, ना संवाद. ते काम मुंबईच्या एका तिशीतल्या मुलीनं केलं आहे. तिची आठवण काढायचीच तर त्या अर्ध्या मिनिटासाठी काढावी, असं मला वाटतं.